जीभ दाखवा

सकाळी आठला नातू फोन आनतो,
खिडकीच्या कट्ट्यावर मिसरीच्या डब्याला टेकवतो
आन् उंबऱ्याभाईर जाऊन हुबा ऱ्हातो,
डाक्तरनं सांगितलंय तेवढ्या लांब.

"नाव सांगा."
हौसा बापू ऐवळे. संजयनगर, सांगली.
"गोळ्या किती?"
तीन.
"घ्या. पाणी प्या. आता जीभ दाखवा. वर. जिभेखाली."

पैल्या दिवशी लाज वाटली.
सासूफुडं कधी दात दावलं न्हाईत,
आन् ही मिरजेची पोरगी, शबाना मुलाणी,
पार घशापातूर बघती.

त्याआधी डाक्तर एकदाच दिसला, ह्याच फोनात.
कवळा, लातूरकडचा.
म्हनला, हात दाखवा.
म्या दाखवलं.
घाबरलाच. "कावीळ कधी झाली?"
आरं बाबा, ही यार्डातली हळद हाय.
सव्वीस वर्सं निवडती मी,
गड्डा एकीकडं, हळकुंड एकीकडं.
साबनानं जात न्हाई, गोडेतेलानं जात न्हाई,
जळताना जाईल.
हसाय आलं, आन् हसता हसता खोकला,
आसा खोकला की फोनातला त्यो पन गप झाला.

तीन म्हयनं ह्यो खोकला हळदीच्याच नावावर खपला.
खकाना हाय, म्हनायचो आमी.
पालिशच्या ड्रमापाशी बसून कोन खोकत न्हाई?
मुकादम म्हनायचा, गूळ खा.
गूळ खाल्ला.
वजन एक्केचाळीस झालं.
मग थुंकीनं खरं काय ते सांगितलं.

गल्लीला ठावं हाय, हौसा कवलापूरला भैनीकडं गेलीया.
म्हनून उशीत तोंड घालून खोकायचं.
पन डाक्तर म्हनतो खिडकी उघडी ठेवा, वारं खेळू द्या.
खिडकी उघडी,
आन् मी कवलापुरात.
शेजारची नंदा कूकरच्या शिट्ट्या मोजती
आन् मधीच थांबती.
एक दिस कट्ट्यावर दोन अंडी दिसली, कागदात गुंडाळलेली.
आमच्यात कोंबडी न्हाई.

एकोनिसाव्या दिवशी लई मळमळलं.
एक गोळी गालात धरली, जीभ दावली, वर, खाली.
"मावशी," म्हनली शबाना, "गाल."
मी गप.
ती वरडली न्हाई. "थांबते," म्हनली.
फोन तसाच. तिच्या मागं कोनतरी लोखंडी कपाट सरकवत व्हतं.
तिचा च्या आला. तिनं तसाच बाजूला ठेवला,
त्यावर साय धरली.
तिच्या यादीत आनखी किती तोंडं आसतील,
मिरजेत, तासगावात, कुठं कुठं आ करून बसलेली.
ती थांबली.
गोळी इरघळाय लागली,
कडवटपना पार कानापातूर गेला
तवा मी पानी प्याले.
"जीभ," म्हनली ती. दुसरं काय न्हाई.

दोन म्हयन्यांनी थुंकी साफ आली.
नातू आत आला, फोन टेकवला,
सवयीनं उंबऱ्यापातूर मागं सरला,
आन् मग त्याच्या ध्यानात आलं.

सा म्हयन्यांनी गोळ्या सपल्या.
"उद्यापासून फोन येणार नाही, मावशी."
बरं, म्हनलं. आनखी काय म्हनायचं सुचलं न्हाई.
फोन काळा झाला तवा वाटलं,
हिनं माझा घसा रोज बघितला
आन् ही उंच हाय का बुटकी, मला ठावं न्हाई.

सोमवारी यार्डात गेले, तोंडाला फडकं बांधून.
पोती उतरत व्हती, सौदा अजून निघायचा व्हता.
आठ वाजलं.
फडकं खाली आलं, तोंड आपोआप उघडलं,
जीभ भाईर.
मुकादम म्हनला, काय गं हौसा?

काय न्हाई, म्हनलं.
जांभई.